शुक्रवारचं पापलेट

प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, शुक्रवारी मटण-कोंबडी बंद. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत कॅथलिक घरांत हा नियम बऱ्यापैकी पाळला जातो. फक्त त्या दिवशी दुपारी ताटात काय असतं ते बघा. पापलेटाच्या तुकड्या, कोळंबीचं कालवण, हात सढळ असेल तर सुरमई. मांसाला कुणी शिवलेलं नसतं, त्यामुळे नियम अक्षरशः पाळला गेलेला असतो, आणि जेवण मात्र एरवीच्या रविवारपेक्षा झकास झालेलं असतं.

हा नियम रुजला तो युरोपात. तिथे मांस ही चैन होती, आणि समुद्रापासून लांबच्या गावात मासा म्हणजे खारवलेला, वाळलेला, गरिबाच्या ताटातला. आपल्या किनाऱ्यावर गणित उलटं आहे. त्यात हा काळ येतो फेब्रुवारी ते एप्रिल. दर्या शांत, होड्या रोज बाहेर. महाराष्ट्रातली मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे प्रायश्चित्तकाळाशी तिची गाठ कधी पडतच नाही. कोकणातल्या ख्रिस्ती माणसावर कॅलेंडरने एवढी मेहेरबानी केली आहे.

नियम नेमका काय आहे तेही बरेचदा माहीत नसतं. कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे, म्हणजे १९८३ च्या धर्मविधीसंहितेप्रमाणे, १४ वर्षं पूर्ण झालेल्यांना मांस वर्ज्य. अंडी, दूध, मासे चालतात. खरा उपास वर्षातून दोनच दिवस, राखेच्या बुधवारी (या काळाचा पहिला दिवस) आणि शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडे). तो १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत बंधनकारक. त्यात एक पोटभर जेवण, आणि दोन वेळा थोडंसं, दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होणार नाही इतकंच. बस्स. चाळीस दिवसांचा उपासकाळ कॅलेंडरवर मोजला तर ४६ दिवसांचा भरतो, कारण रविवार त्यात धरत नाहीत. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, मिळणारी पवित्र भाकर म्हणजे ख्रिस्तशरीर. ते स्वीकारण्याआधीचा उपास पूर्वी मध्यरात्रीपासून असायचा. १९५७ साली तो तीन तासांवर आला, १९६४ साली एका तासावर. हा तास मिस्सा सुरू होण्याआधीचा नसून ख्रिस्तशरीर घेण्याआधीचा आहे, त्यामुळे लांबलचक प्रवचन करणारे फादर असले तर देवळाच्या दारात वडापाव संपवून आत गेलं तरी नियम मोडत नाही.

हे सगळं चूक आहे असं मला म्हणायचं नाही. नियम किमान ठेवलाय तो म्हातारे, गरोदर बायका, अंगमेहनत करणारे यांना झेपावा म्हणून. पण किमानालाच कमाल मानायचं आणि वर ‘आम्हीही श्रद्धेसाठी सोसतो’ म्हणायचं, इथे गाडी रुळावरून उतरते.

उपास नीट करायचा तर त्याला हिशेब लागतो. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या एका ख्रिस्ती लिखाणात पद्धत अगदी रोखठोक दिली आहे. उपासाच्या दिवशी भाकर आणि पाणी घ्या, एरवी जे खाल्लं असतं त्याची किंमत काढा आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्या. आपल्याकडे याचा अर्थ असा होईल. राखेच्या बुधवारनंतरचा शुक्रवार ते शुभ शुक्रवार, असे सात शुक्रवार मिळतात. त्या दिवशी घरात पेज किंवा भात, सुकट किंवा जवळ्याची चटणी, एक भाजी. बाजारात त्या दिवशी जे मासे घेतले असते त्यांचा भाव विचारून यायचा आणि फरकाचे पैसे पाकिटात टाकायचे, त्याच दिवशी, रोख. महिन्याअखेरीला बघू म्हटलं की आकडा आपोआप घटतो. दुसरी चूक म्हणजे मांसाच्या जागी पनीर-मशरूम आणून पंचपक्वान्न करणं. तिसरी, आणि सगळ्यात जास्त होणारी, म्हणजे जमलेलं पाकीट आपल्याच देवळाच्या सणाच्या वर्गणीत टाकणं. तो मंडपाचा खर्च झाला. तो वेगळा काढायचा असतो.

आता मूळ मुद्दा. इतकं सगळं नीट केलं तरी ती शिस्त झाली. श्रद्धेसाठी सोसणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि चर्च त्याबाबत फार काटेकोर आहे.

कुणाला रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी मारला गेलेला, ठरवायचं तर तीन गोष्टी तपासतात. मृत्यू खरोखर त्या छळातून आला का. मारणाऱ्याच्या मनात श्रद्धेचा, किंवा श्रद्धेतून निघालेल्या कृतीचा, द्वेष होता का. आणि मरणाऱ्याने ते समजून-उमजून स्वीकारलं का, की पळायची वाट नव्हती म्हणून मेला. तिन्ही सिद्ध झालं तर धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित करायला चमत्काराचीही गरज लागत नाही. सिस्टर राणी मारिया यांना २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात बसमधून ओढून भोसकून मारलं. सिस्टर शेतमजुरांना सावकारी पाशातून सोडवत होत्या. कागदावर हे सावकारीचं भांडण दिसतं. तरी ती कामं त्या श्रद्धेपोटीच करत होत्या असं ठरलं आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी त्यांना धन्य घोषित करण्यात आलं. हे प्रकरण मुद्दाम सांगतोय, कारण ‘श्रद्धेसाठी’ म्हणजे केवळ ‘तू ख्रिस्ती आहेस का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणं एवढंच नसतं हे त्यातून कळतं.

उलट बाजूही तितकीच पक्की आहे. दुसऱ्या शतकात स्मर्ना शहरात बिशप पॉलिकार्प यांना जाळलं त्या वेळचा वृत्तांत उपलब्ध आहे. त्यात क्विंटस नावाचा एक फ्रिजियाचा माणूस येतो. तो आपणहून पुढे झाला, दुसऱ्यांनाही पुढे केलं, आणि मैदानातली जनावरं बघितल्यावर त्याची गाळण उडाली. त्याने देवांना धूप वाहिला. वृत्तांत लिहिणाऱ्यांनी तिथेच नोंदवलंय की असं आपणहून जाऊन उभं राहणाऱ्यांचं आम्ही कौतुक करत नाही. छळ अंगावर ओढून घ्यायचा नसतो. फेसबुकवर भांडण उकरून काढून चार शिव्या खाल्ल्या आणि मग स्वतःला पहिल्या रक्तसाक्षी स्तेफनच्या रांगेत बसवलं, असं चालत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तर यादीच आहे. खुनी, चोर किंवा दुष्कर्मी म्हणून दुःख भोगू नका, आणि त्याच दमात दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणूनही नको. खुन्याच्या पंक्तीला चोंबड्याला बसवणारा दुसरा ग्रंथ मला माहीत नाही.

आपल्या किनाऱ्याचा स्वतःचा माणूस म्हणजे गोन्सालो गार्सिया. वसईचा, सोळाव्या शतकाच्या मध्यावर जन्मलेला. त्याच्या नावाचं चर्च गास गावात आहे, कॉलेज वसईत आहे. सणाच्या दिवशी त्याचं सांगणं सुरू होतं ते थेट क्रूसावरून. मधला भाग गाळला जातो, आणि सुखवस्तू माणसाच्या कामाचा तोच आहे. पोरवयात तो जेझुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, काही वर्षं धर्मशिक्षक म्हणून राबला. जेझुइट संघात घेतलं जावं ही त्याची इच्छा मात्र पुरी झाली नाही. मग त्याने व्यापार धरला आणि चांगला जम बसवला. म्हणजे हा माणूस एकदा नाकारला गेलेला, आणि नंतर पैशाने सुखी झालेला. तिथून तो मनिलाला गेला, दुकानदारी सोडून फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला, फादरही नाही. १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानात उतरला.

१५९६ च्या डिसेंबरात ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली, त्यात गोन्सालोही होता. क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि भर हिवाळ्यात सुमारे ८०० किलोमीटर चालवत त्यांना नागासाकीला नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी मारलं. १८६२ साली ते संत ठरले.

या २६ पैकी क्योतोहून निघालेले होते २४. उरलेले दोघे, एक सुतार आणि एक सेवक, वाटेत कैद्यांना मदत करायला बरोबर चालत राहिले, आणि पहारेकऱ्यांनी त्यांनाही रांगेत घेतलं. त्यांच्या नावाचा हुकूम नव्हता. सोसणाऱ्याच्या शेजारी ते चालत होते, एवढंच.

सुखात राहणाऱ्यांनी या दोघांकडे जास्त बघावं असं मला वाटतं, आणि पुढचं सगळं त्याच दिशेने आहे.

त्याआधी किनाऱ्याचा इतिहास सरळ डोळ्यांनी बघायला हवा, नाहीतर आपली पावलं डगमगतात. ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन मारले गेले, आणि त्यांचे अवशेष जोर्दानूस या त्यांच्या सोबत्याने सोपाऱ्याला नेऊन पुरले. आजच्या नालासोपारा स्टेशनवर रोज लाखाने माणूस उतरतं, त्यात ही गोष्ट माहीत असलेले मूठभर. पण सोळाव्या शतकात याच कोकणपट्टीवर श्रद्धेसाठी सोसणारे बहुतेक जण ख्रिस्ती नव्हते. गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश रातोरात प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला. घरदार, शेतजमीन सोडून कुळंच्या कुळं देव घेऊन दुसऱ्या राजाच्या मुलखात गेली. गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० पासून, मधली थोडी वर्षं सोडता, १८१२ पर्यंत चाललं, आणि त्यात भरडले गेलेल्यांत नवे बाप्तिस्मा घेतलेलेही होतेच. श्रद्धेसाठी घर सोडणं काय असतं हे ज्यांना मंगेशाची गोष्ट माहीत आहे त्या शेजाऱ्याला आपण शिकवायला जाऊ नये. हे मान्य केल्याने आपली श्रद्धा उणी होत नाही. मान्य न केल्याने आपलं रडगाणं मात्र खोटं ठरतं.

कोकणातल्या करजगावला १८६१ साली जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांना कुणी तुरुंगात टाकलं नाही. पण संसार मोडला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. त्या एका निर्णयाचं सोसणं दोघांच्या वाट्याला आलं, आणि तिच्या वाट्याला तिने न घेतलेल्या निर्णयाचं. ही बाजू प्रवचनात येत नाही.

आता आजच्या व्हॉट्सॲपकडे. ‘अफगाणिस्तानात २२ मिशनऱ्यांना उद्या मृत्युदंड, ताबडतोब प्रार्थना करा, पुढे पाठवा.’ हा निरोप कितीतरी वर्षं फिरतोय. २००७ च्या जुलैत तालिबानने दक्षिण कोरियाच्या एका चर्चच्या २३ स्वयंसेवकांना धरलं होतं, त्यातल्या दोघांना ठार केलं आणि बाकीचे त्याच वर्षी सुटले, ही घटना खरी. ‘उद्या’ असलेले २२ जण मात्र कुठेच नाहीत. असा निरोप आला की चार गोष्टी बघायच्या: तारीख आहे का (‘आज रात्री’ ही तारीख नव्हे), गावाचं आणि जिल्ह्याचं नाव आहे का, तिथल्या धर्मप्रांताने किंवा मंडळीने काही प्रसिद्ध केलंय का, आणि फोटो असेल तर तो शोधून पाहिल्यावर दुसऱ्याच देशातला निघतो का. यातलं एकही पक्कं होत नसेल तर पुढे पाठवायचं नाही. ‘प्रार्थनाच तर आहे, बिघडलं काय?’ हे उत्तर ठरलेलं असतं. बिघडतं हे की दहा खोट्या हाकांनंतर खरी हाक आली की कुणी मान वर करत नाही. शिवाय एकदा पुढे ढकललं की आपण काहीतरी केलं असं समाधान मिळतं, आणि तेवढ्यावरच भागतं.

ऑफिसात नाताळची रजा नाकारली, शेजाऱ्याने मुद्दाम जोरात गाणी लावली, कुणी ‘तुम्ही लोक’ म्हणून टोमणा मारला. याचा त्रास होतो आणि त्याबद्दल बोलावंही. पण त्याला छळ म्हणायचं ठरवलं तर ओडिशातल्या कंधमालमध्ये २००८ सालच्या ख्रिस्तीविरोधी हिंसाचारात जंगलात लपून राहिलेल्या कुटुंबाच्या सोसण्याला कोणता शब्द उरतो?

मग सुखात असलेल्याच्या वाट्याला श्रद्धेची किंमत येतच नाही का? येते, पण सिंह घेऊन येत नाही. कागद घेऊन येते.

इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने हुकूम काढला की प्रत्येकाने देवांना बळी वाहावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. मजकूर ठरलेला: मी अमुक गावचा तमुक, मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आणि आताही तुमच्यासमोर पेय वाहिलं, बळी दिला, प्रसाद चाखला. खाली साक्षीदार अधिकाऱ्यांच्या सह्या. अनेक ख्रिस्ती लोकांनी एक मधली वाट काढली. बळी दिला नाही, मांस चाखलं नाही, फक्त ओळखीने किंवा पैसे चारून दाखला मिळवला. मनाने ख्रिस्ती, कागदावर नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी याचं निदान करताना लिहिलं की लांबलेल्या शांततेने आपली शिस्त सडवली होती. जो तो मालमत्ता वाढवण्यात गुंतला होता. पैशाची बेडी पायात असलेल्याला पळता आलं नाही. २५१ साली कार्थेजच्या धर्मसभेने अशा दाखलेवाल्यांना सरसकट हाकललं नाही आणि सरसकट माफही केलं नाही. प्रत्येकाची परिस्थिती स्वतंत्र तपासून, प्रायश्चित्त देऊन परत घेतलं. प्रत्यक्ष बळी दिलेल्यांना जास्त कडक वागवलं. सिप्रियन स्वतः २५८ साली मारले गेले.

आपल्याकडचा दाखला म्हणजे खरेदीखत. वसईची केळीची वाडी विकायला निघाली की आकडे दोन असतात, कागदावरचा आणि हातातला. कायदा स्पष्ट आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१५ पासून मनाई आहे, आणि घेतले तर घेतलेल्या रकमेएवढाच दंड होऊ शकतो. तरी व्यवहार दोन आकड्यांतच होतात. खरेदीखतावर ‘एवढाच मोबदला मिळाला’ असं लिहिलेलं असतं, खाली सह्या, साक्षीदार. मजकूर खोटा आहे हे टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. डेसियसचा कारकून जागेवर बसलेला आहे, फक्त धूप मागत नाही.

कुणी म्हणालं, ‘पूर्ण रक्कम बँकेतून आली तरच सही करीन,’ तर काय होतं तेही सांगण्यासारखं आहे. दलाल दुसऱ्या दिवसापासून फोन उचलत नाही. घेणारा भाव पाडतो, कारण त्याला स्वतःचे हिशेबाबाहेरचे पैसे खपवायचे असतात. भांडवली नफ्यावरचा कर पूर्ण भरावा लागतो. हे सगळं एकटा माणूस सोसू शकतो. पण सातबाऱ्यावर पाच नावं असतात. सगळ्या हिस्सेदारांची सही लागते. एकाने आडवं घेतलं की चौघांचा व्यवहार अडतो, आणि घरात वाक्य ऐकू येतं, ‘तुझ्या धर्मापायी आमच्या पोरांचं नुकसान.’ श्रद्धेसाठी शिवी खाणं ते हेच, आणि ती सख्ख्या भावाकडून येते. अशा वेळी वाद सहीच्या दिवशी काढला तर तो फक्त तमाशा होतो. व्यवहाराची बोलणी सुरू होण्याआधी सगळ्या हिस्सेदारांना एकत्र बसवून सांगायला हवं, कर किती लागेल ते सीएकडून काढून आणायला हवं, आणि इतरांना जो प्रत्यक्ष तोटा होईल त्यातला काही आपल्या हिश्श्यातून भरायची तयारी असायला हवी. शेवटचं जमणार नसेल तर निदान भावांना उपदेश करू नये. दुसऱ्याच्या खिशातून क्रूस उचलणं फार सोपं असतं.

आणि याच जागी आणखी एक कागद ठेवून बघायचा. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात सुरुवातीला जवळजवळ फक्त हिंदू होते. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. बाप्तिस्मा घेतला की अनुसूचित जातीच्या राखीव जागा, शिष्यवृत्ती, राखीव मतदारसंघातली उमेदवारी यांवर पाणी सोडावं लागतं, जात मात्र गावाने लावलेली तशीच राहते. म्हणून काही कुटुंबांत कागदावर हिंदू आणि रविवारी मिस्साला, असं असतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात असा दावा नाकारला. या लोकांना ‘फायद्यासाठी श्रद्धा लपवणारे’ म्हणणारे आपल्यातच जास्त आहेत. त्यांच्या कागदावरचा खोटेपणा पोराच्या शाळेच्या फीसाठी असतो, आपल्या खरेदीखतावरचा दुसऱ्या फ्लॅटसाठी. सिप्रियनच्या धर्मसभेने प्रत्येकाची परिस्थिती वेगळी तपासली ती याचसाठी. आणि जे दलित ख्रिस्ती सगळं सोडून कागदावरही ख्रिस्ती राहिले, ते आज या देशात श्रद्धेची किंमत दरमहा मोजतात. त्यांच्या मुलीचं स्थळ आपल्या घरात चालतं का, हा प्रश्न मी इथे नुसता ठेवतो.

एक गैरवापर मात्र थोडक्यात आणि कडकपणे सांगायला हवा. नवरा मारतो, आणि बाईला सांगितलं जातं, ‘तुझा क्रूस आहे, सोस.’ लूकच्या नवव्या अध्यायात येशू म्हणतो ते स्वतःचा क्रूस स्वतः उचलण्याबद्दल. दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायची त्यात सोय नाही. वरच्या तीन कसोट्या लावल्या तर मार खाणं यातल्या एकाही कसोटीला उतरत नाही. अशा घरात पहिला फोन १८१ किंवा ११२ ला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा ख्रिस्ती बाईलाही तितकाच लागू आहे. आजारपणाचंही तसंच. कॅन्सर हा श्रद्धेसाठी झालेला छळ नव्हे. रुग्ण स्वतः ते दुःख ख्रिस्ताच्या दुःखाला जोडत असेल तर तो त्याचा अधिकार. भेटायला आलेल्याने ते सुचवू नये, दूध-फळं ठेवून गप्प बसावं.

आता ते दोघे, वाटेत कैद्यांबरोबर चाललेले. इब्री लोकांस पत्राचा तेरावा अध्याय सांगतो की बंदिवानांची आठवण अशी ठेवा की जणू तुम्हीही त्यांच्याबरोबर बांधलेले आहात. भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झालेले ८३ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० पासून तळोजा तुरुंगात होते, आपल्याच रायगड जिल्ह्यात. त्यांच्यावरचे आरोप न्यायालयात सिद्ध व्हायच्या आधीच, ५ जुलै २०२१ ला ते गेले. पार्किन्सनने हात थरथरायचे म्हणून पाणी प्यायला साधी नळी मिळावी यासाठी अर्ज करावा लागला होता. राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, इब्रीचं वाक्य आरोपपत्र बघून आठवण ठेवा असं म्हणत नाही.

शेजारी चालायचं म्हणजे काय, तर बहुतेक वेळा कंटाळवाणी कामं. हल्ला झालेल्या गावाला पहिल्या आठवड्यात कपड्यांचे ढीग जातात, त्यातले निम्मे घालण्यासारखे नसतात. सहाव्या महिन्यात कुणी विचारत नाही, आणि खटल्याच्या तारखा तेव्हाच सुरू होतात. साक्षीदाराला तालुक्याला जायचं एसटीचं भाडं, बुडलेली मजुरी, वकिलाची फी, जळालेल्या रेशनकार्डाची आणि जमिनीच्या कागदांची दुय्यम प्रत, मुलांचं बुडणारं शाळेचं वर्ष. पैसे यासाठी द्यावेत, आणि एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दोन-तीन वर्षं दर महिन्याला ठरावीक. एका धर्मग्रामाने (पॅरिशने) एका गावाशी असा संबंध धरला तर तो टिकतो. दहा गावांशी धरला तर फक्त फलक छापून होतो.

आखातातल्या आणि कॅनडातल्या नातेवाइकांकडून मदत गोळा करताना एक खाचखळगा आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशातल्या स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी परकीय देणगी धरली जात नाही. पण ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय त्याची, ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी, परकीय धरली जाते. ती फक्त एफसीआरए (परकीय देणगी कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेला, तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातच घेता येते. मावसभाऊ टोरांटोहून भावनेच्या भरात थेट ट्रस्टच्या इथल्या खात्यात पैसे टाकतो आणि अडचणीत येते ती संस्था. आधी पासपोर्ट कोणता ते विचारावं, मग खातं सांगावं.

पहिल्या सहा शुक्रवारांचं पाकीट पवित्र गुरुवारी उघडून मोजायचं आणि त्याच दिवशी पाठवायचं. राहिलेले आणि सातव्या शुक्रवारचे पैसे दुसऱ्या दिवशी. शुभ शुक्रवारी बँक बंद असते खरी, पण एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून सुट्टीच्या दिवशीही चालू असतं.